छोट्या एसयूव्हीला हिच आणि सायकल रॅक: आकडेमोडीपासून पहिल्या फेरीपर्यंत

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक टप्पा हमखास येतो. मुलं मोठी होतात, घरात चार सायकली होतात आणि गाडी मात्र होंडा सीआर-व्ही, टोयोटा राव्ह-फोर किंवा सुबारू क्रॉसट्रेक एवढीच असते. न्यू जर्सीत डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाची सपाट वाट सायकलींसाठी उत्तम, पण तिथवर सायकली न्यायच्या कशा? डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक स्वस्त असतो, पण तो काचेवर आणि पातळ पत्र्यावर भार टाकतो आणि दर वेळी पट्ट्या नव्याने ओढून बसवाव्या लागतात. टपावरच्या रॅकवर सायकल चढवायला खांद्यात जोर हवा. शिवाय टपावर सायकल आहे हे विसरून गॅरेजमध्ये गाडी घातली की सायकल, रॅक आणि गॅरेजचं दार तिन्ही जातात. म्हणून कुटुंबासाठी माझी पसंती हिचवरच्या रॅकला आहे. सायकल कमरेच्या उंचीवर चढते, गाडीच्या पत्र्याला काही टेकत नाही आणि हायवेवर वारा कमी लागतो.

हिच म्हणजे गाडीच्या खाली, मागच्या टोकाला चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) बोल्टने जोडलेला पोलादी आडवा दांडा. त्याच्या मधोमध चौकोनी नळी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. रॅकचा दांडा या नळीत जातो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच छोट्या एसयूव्हींना कारखान्यातून हिच येत नाही, म्हणून काम दोन भागांत करायचं: आधी हिच, मग रॅक. युरोपात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. तिकडे चौकोनी नळीऐवजी ५० मिलिमीटरचा गोळा असतो आणि रॅक त्या गोळ्यावर आवळला जातो. खालचा हिच बसवण्याचा भाग त्यांच्या उपयोगाचा नाही, वजनाचा आणि सायकली चढवण्याचा भाग मात्र आहे.

आधी वजनाचा हिशेब

या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाना हातात घेण्याआधीच ठरते. हिचच्या खोक्यावर ३५०० पाउंड असा मोठा आकडा छापलेला असतो. सायकल रॅकशी त्याचा संबंध नाही. तो ट्रेलर ओढण्याचा आकडा आहे. ट्रेलरला स्वतःची चाकं असतात, त्याचं बहुतेक वजन रस्ता पेलतो. रॅक मात्र हवेत तरंगतो, त्याचं सगळं वजन हिचवर खाली दाबतं. म्हणून आपला आकडा म्हणजे टंग वेट, हिचच्या टोकावर सरळ खाली किती भार चालतो तो.

टंग वेट सहसा ओढण्याच्या क्षमतेच्या दहा टक्के असतं. सीआर-व्हीसारख्या गाडीची ओढण्याची क्षमता १५०० पाउंड धरली तर टंग वेट होतं १५० पाउंड, म्हणजे साधारण ६८ किलो. हायब्रिड प्रकाराचा किंवा वेगळ्या वर्षाच्या गाडीचा आकडा याहून कमी असू शकतो, म्हणून आपल्याच गाडीचं मॅन्युअल उघडून बघा. हिचवर ३५० पाउंड लिहिलंय म्हणून गाडी ३५० पाउंड पेलत नाही. गाडी, हिच आणि रॅक या तिघांतला सर्वांत लहान आकडा तोच खरा, आणि प्रत्येक सायकल रॅकच्या सायकलीमागच्या मर्यादेतही बसली पाहिजे.

आता बेरीज करू. दोन सायकलींचा चांगला प्लॅटफॉर्म रॅक (ज्यावर सायकली चाकांवर उभ्या राहतात) स्वतःच २० किलोच्या आसपास भरतो. त्यावर १४ किलोच्या दोन माउंटन बाइक ठेवल्या तर एकूण ४८ किलो, म्हणजे १०६ पाउंड. इथे काहीच अडचण नाही. पण २५ किलोच्या दोन ई-बाइक ठेवा. २० अधिक ५० म्हणजे ७० किलो, म्हणजे १५४ पाउंड. दोनच सायकली आणि मर्यादा ओलांडली! दोन्ही बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्या तर पाच-सहा किलो कमी होतात आणि हिशेब पुन्हा जेमतेम मर्यादेत येतो. एरवी चोरी टाळण्यासाठी म्हणून दिला जाणारा हा सल्ला इथे वजनासाठीही पाळायचा आहे.

आणखी एक बाब या बेरजेत दिसत नाही. सायकलींचं वजन हिचच्या तोंडाशी नसतं, ते अर्धा-पाऊण मीटर मागे असतं. दाराच्या बिजागरीपासून लांब ढकललं की दार सहज हलतं, तसंच इथे लांबीमुळे पिळवटण्याचा जोर वाढतो, आणि खड्ड्यात गाडी आपटली की तो क्षणभर कितीतरी पटीने वाढतो. म्हणून मर्यादेच्या अगदी काठावर भरू नका, वीस टक्के जागा मोकळी ठेवा. हिच लांब करणारा जोडदांडा बाजारात मिळतो, पण तो लावला की क्षमता सहसा निम्म्यावर येते. छोट्या गाडीवर तो वापरूच नये.

सव्वा इंच की दोन इंच

छोट्या गाड्यांसाठी रिसीव्हर दोन मापांत मिळतो, सव्वा इंच आणि दोन इंच. तुमच्या गाडीसाठी दोन इंची हिच मिळत असेल तर तोच घ्या. गाडीची क्षमता त्याने वाढत नाही, पण जाड दांडा कमी हलतो, रॅकची निवड खूप मोठी होते आणि पुढे गाडी बदलली तरी रॅक चालतो. सव्वा इंचाच्या नळीवर दोन इंची ॲडाप्टर लावण्याचा मार्ग टाळा. त्यात लांबीही वाढते आणि खुळखुळणारा आणखी एक सांधाही.

हिच मागवताना गाडीचं वर्ष, मॉडेल आणि ट्रिम (त्या मॉडेलचा उपप्रकार) तिन्ही नीट भरा. एकाच मॉडेलच्या दोन ट्रिममध्ये सायलेन्सर एका बाजूला की दोन्ही बाजूंना, बंपरखालचं प्लास्टिक किती खोल, हे बदलतं. गाडी लीजवर असेल तर लीजवाल्यांना आधी विचारा. काही हिच बसवताना बंपरखालचं प्लास्टिक कापावं लागतं आणि ते परत जुळत नाही.

घरी बसवायचा की दुकानात

गाडी नवी किंवा चार-पाच वर्षांची असेल, मदतीला एक माणूस असेल आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकाच बोल्ट आवळू देणारा पाना) वापरता येत असेल, तर हे काम एका सकाळी घरी होतं. ड्रिल करावं लागत नाही, कारण चासीत भोकं आणि आतून वेल्ड केलेले नट कारखान्यातूनच असतात. पण न्यू जर्सी, मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे दहा हिवाळे पाहिलेल्या गाडीच्या खाली वाकून बघा. नटांच्या भोवती गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर सरळ हिच बसवणाऱ्या दुकानात जा. ट्रक-ट्रेलर भाड्याने देणाऱ्या यू-हॉलच्या अनेक केंद्रांवरही हे काम होतं. चासीच्या आतला वेल्ड केलेला नट गंजून जागेवरून सुटला की तो बोल्टबरोबर नुसता गरगर फिरतो, ना आवळता येतो ना काढता येतो. मग चासीला खिडकी पाडण्याची वेळ येते आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च होतो.

हिच बसवणं

लागणारी साधनं: मेट्रिक सॉकेटचा संच, टॉर्क रेंच, लांब एक्स्टेन्शन, नळी घासायचा गोल तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल, साबणाचं पाणी, एक रॅचेट पट्टा, पहार किंवा मोठा स्क्रू ड्रायव्हर, चाकांना लावायच्या पाचरी आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा सोडू नका. उताणं पडून काम करताना गंजाची पूड थेट डोळ्यांत पडते.

आदल्या रात्री चासीच्या भोकांवरची रबरी बुचं काढा आणि आतल्या नटांवर तेल फवारून ठेवा. सकाळी गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, पुढच्या चाकांना पाचरी लावा. एसयूव्हीखाली तशी जागा असते, तरी मागची चाकं रॅम्पवर घेतली की काम फार सोपं होतं. गाडी जॅकवर उचलली तर जॅक स्टँड लावल्याशिवाय डोकंसुद्धा खाली घालू नका. एक्झॉस्ट पूर्ण थंड झालेला असला पाहिजे.

पहिलं काम नट साफ करणं. ब्रश आत घालून फिरवा, पुन्हा थोडं तेल, मग हिचबरोबर आलेला बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून बघा. तो शेवटपर्यंत हाताने गेला पाहिजे. मध्येच अडला तर बाहेर काढा, घासा, पुन्हा घाला. जोर लावून आडवे आटे पाडू नका, आणि इथे इम्पॅक्ट गन तर अजिबात नको. या कामात दोन्ही बाजू मिळून अर्धा तास गेला तरी तो सर्वांत मोलाचा अर्धा तास समजा.

मग एक्झॉस्ट खाली घ्यायचा. बहुतेक छोट्या गाड्यांत सायलेन्सर हिचच्या वाटेत येतो. तो रबरी हँगरवर टांगलेला असतो. आधी रॅचेट पट्टा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला बांधून सायलेन्सरला खालून आधार द्या, त्यानंतरच हँगर सोडवा. रबराला आणि धातूच्या काडीला साबणाचं पाणी लावा आणि पहारीने हळूहळू ढकला. तेल लावू नका, त्याने रबर फुगतं. सायलेन्सर तीन-चार इंच खाली आला की पुरे. तो तसाच सोडून दिला तर सगळं वजन पुढच्या लवचिक नळीवर येतं आणि ती फाटू शकते. वाटेत प्लास्टिकचं खालचं आवरण किंवा गाडी ओढून नेण्याचा छोटा हूक येत असेल तर सूचनापत्रकात तो काढायला सांगितलेला असतो.

काही गाड्यांत सगळे नट वेल्ड केलेले नसतात. तिथे बोल्ट चासीच्या पोकळीत आतून बाहेर आणावा लागतो, पण आत हात जात नाही. त्यासाठी हिचबरोबर वळणदार तार येते. तारेचं स्प्रिंगसारखं टोक बोल्टच्या भोकातून वर घाला आणि बाजूच्या मोठ्या भोकातून बाहेर काढा. त्यावर आधी चौकोनी पट्टी ओवा, मग त्या स्प्रिंगसारख्या टोकात बोल्ट फिरवून अडकवा. आता दोन्ही आत ढकला आणि तार खालून ओढा, बोल्टचा आटा भोकातून अलगद बाहेर येतो. हिच जागेवर बसेपर्यंत तार काढू नका, नाहीतर बोल्ट आत पडतो आणि चासीत कायमचा वाजत राहतो.

हिच १५ ते २० किलोचा असतो, उताण्या माणसाने एकट्याने उचलण्याजोगा नाही. एकाने एका बाजूला, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूला धरा, किंवा जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून मधोमध वर घ्या. दोन्ही बाजूंचे सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे लावून घ्या. एक बोल्ट आधीच आवळला तर दुसऱ्याचं भोक जुळत नाही. वॉशर शंकूसारखा असेल तर त्याचे दाते किंवा फुगीर बाजू कुठे हवी ते चित्रात बघा.

मग टॉर्क. १२ मिलिमीटरच्या बोल्टला हा आकडा अनेकदा ७० ते ८५ फूट-पाउंडांच्या घरात असतो, पण तुमच्या पत्रकात जो लिहिलाय तोच लावा. रेंच न्यूटन-मीटर दाखवत असेल तर फूट-पाउंडांना १.३५६ ने गुणा. एक उजवा, एक डावा असं आलटून पालटून, आधी निम्म्या जोराने आणि मग पूर्ण आकड्यापर्यंत आवळा. आट्यांना स्वतःच्या मनाने ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका. निसरड्या आट्यांवर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

सायलेन्सर वर टांगा, सगळे हँगर बसलेत ना बघा, इंजिन सुरू करून नळी कुठे हिचला लागून वाजत नाही ना ते ऐका. नुसत्या सायकल रॅकसाठी ट्रेलरची वायरिंग लागत नाही.

रॅक कोणता

टांगायचे रॅक आणि प्लॅटफॉर्म रॅक अशा दोन जाती आहेत. टांगायचा रॅक हलका आणि स्वस्त, चार सायकली घेतो. पण सायकली एकमेकींवर आपटतात, आणि मुलांच्या सायकली किंवा वरचा आडवा दांडा नसलेल्या सायकली त्यावर नीट बसत नाहीत. त्यासाठी सीट आणि हँडलच्या मध्ये लावायचा वेगळा दांडा घ्यावा लागतो. प्लॅटफॉर्म रॅकवर सायकल चाकांवर उभी राहते. थुले, याकिमा, कुआट अशा कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलांत सायकल धरून ठेवणारा आकडा (हूक) पुढच्या टायरवर येतो, फ्रेमला काही टेकत नाही. कार्बन फ्रेमसाठी हाच प्रकार घ्यावा. दोन प्रौढ आणि दोन मुलांच्या सायकली हव्या असतील तर चार सायकलींचा जड प्लॅटफॉर्म छोट्या गाडीवर सहसा हिशेबात बसत नाही. तिथे मागे दोन सायकली आणि मुलांच्या दोन डिकीत आडव्या, हा मार्ग मला सर्वांत पटतो. घेण्याआधी सगळ्या सायकलींची चाकं मोजा. वीस इंची चाकाला आणि रुंद टायरला सगळे रॅक चालत नाहीत. मडगार्ड असलेल्या सायकलींसाठीही आधी नीट तपासा.

रॅक हिचमध्ये बसवणं

दांडा रिसीव्हरमध्ये घाला, भोकं जुळवा आणि पिन घाला. दोन इंची रिसीव्हरची पिन ५/८ इंचाची, सव्वा इंचीची अर्ध्या इंचाची. दोन इंची नळीत बारीक पिन घालून काम भागवू नका. पिन रॅक निसटू देत नाही, पण हलणं ती थांबवत नाही. त्यासाठी आट्यांचा बोल्ट किंवा टोकाशी फुगणारी पाचर असते. पाचरीचा नॉब आवळताना दुसऱ्या हाताने रॅक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवत राहा, म्हणजे ती पूर्ण बसते. शेवटी रॅक ओढला की रॅकबरोबर सगळी गाडी हलली पाहिजे, सांध्यात टकटक येता कामा नये.

आता रिकामा रॅक उभा दुमडून डिकी उघडा, हळू, हाताने. विजेवर उघडणारं दार आपोआप वर जाऊन रॅकवर आदळू शकतं. बंपरखाली पाय फिरवल्यावर उघडणारं दार असेल तर ती सोय मेन्यूतून बंद करा. रॅक लावताना-काढताना तुमच्या पायानेच दार उघडतं. रॅक खाली झुकवल्यावरही दार पूर्ण उघडतं का, ते सायकली घालूनच तपासा.

सायकली चढवणं

सर्वांत जड सायकल गाडीच्या जवळ, हलकी बाहेर. दोन्हींची हँडलं उलट दिशांना. पुढच्या टायरवरचा आकडा काट्याच्या (फोर्कच्या) जवळ, टायरवर घट्ट दाबून बसवा, मडगार्डवर नाही. मागच्या चाकाचा पट्टा रिमवरून घ्या. बाटल्या, टोपल्या, मुलाची सीट, पंप, ई-बाइकची बॅटरी सगळं काढा. सायकलींवर ताडपत्री किंवा आवरण घालू नका. हायवेवर ते शिडासारखं फुगतं आणि सगळा जोर हिचवर येतो.

मग गाडीमागे बसून एक्झॉस्टच्या नळीकडे बघा. तिच्या थेट मागे टायर किंवा कार्बन रिम येत असेल तर तासाभराच्या प्रवासात गरम धुराने टायर मऊ पडतो, रिम कायमची खराब होते. सायकल ट्रेवर सरकवा, दिशा बदला किंवा धूर खाली वळवणारा पोलादी तुकडा नळीला लावा.

नंबर प्लेट आणि मागचे दिवे हा पुढचा प्रश्न. अनेक राज्यांत प्लेट झाकली गेली तर दंड होतो आणि रॅक ही सबब चालत नाही. टोलचे कॅमेरेही प्लेट वाचतात. म्हणून गाडीवर सायकल नसेल तेव्हा रॅक काढून ठेवा, आणि सायकली असताना प्लेट झाकत असेल तर रॅकवर प्लेट लावायचा पर्याय तुमच्या राज्यात चालतो का ते तिथल्या मोटार वाहन विभागाच्या नियमांत बघा. ब्रिटनमध्ये प्लेट झाकली गेली तर रॅकवर वेगळी प्लेट लावणं सक्तीचं आहे.

अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. त्या कॅमेऱ्यात आता चाकंच दिसतील. मागचे सेन्सर सतत ओरडतील, आणि मागे घेताना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा गाडी जागेवरच अडवेल. ती त्या प्रवासापुरती बंद करा आणि मागे घेताना कोणाला तरी उतरवून उभं करा. गाडी आता मीटरभर लांब झाली आहे.

पहिली फेरी

पहिल्यांदा घराभोवती पंधरा मिनिटं फिरा, एखादा गतिरोधक आणि एखादं तीव्र वळण घ्या. थांबून पाचर, पिन, आकडे, पट्टे सगळं हाताने तपासा. नवीन पट्टे थोडे सैल पडतातच. लांबच्या प्रवासात पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा प्रत्येक वेळी हेच करा. वेगाची मर्यादा रॅकच्या पुस्तिकेत असते. हिचचे बोल्ट साधारण पहिल्या पाचशे मैलांनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, मग वर्षातून एकदा.

स्वयंचलित कार वॉशमध्ये रॅक लावून जाऊ नका. नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायच्या आधी रॅक काढून गॅरेजमध्ये टांगा, रिसीव्हरच्या आतली माती पुसा, पातळ ग्रीसचा हात फिरवा आणि तोंडाला रबरी बूच लावा. पिन आणि चावी रॅकलाच बांधून ठेवा.